वाडीच्या शाळेत एका तासाचा मास्तर

शनिवार, ११ एप्रिल

आजच्या एका तासासाठी अर्धा दिवस गॅरेज बंद ठेवलं आणि दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. पण काय बघून आलो!

डोंगरावरच्या वाडीची शाळा सातवीपर्यंत. मुलं परक्या माणसापुढं तोंड उघडत नाहीत. गेल्या वर्षी खाली हायस्कुलात गेलेली दोघं दिवाळीतच शाळा सोडून घरी बसली. म्हणून शाळेच्या बाई आता दर शनिवारी एक अनोळखी माणूस वर्गावर सोडतात. आज मी.

आधी ऐटीत सांगितलं, "मी कुणाला काही न विचारता शिकलो." मग बाईंच्या सांगण्यावरून गिअरच्या दात्यांचं गणित, मुलांनी विचारावं म्हणून, मुद्दाम भरभर सोडवलं. मागून कुजबुज आली, "इच्यार की!" "तूच इच्यार, लय शानी!"

सातवीतली फुला उठली. 

"सर, समजलं न्हाई. परत सांगा."

सांगितलं.

"अजून न्हाई समजलं."

पोरं हसली, पण ती उभीच. तिसऱ्यांदा समजल्यावरच बसली. संध्याकाळपासून तेच डोळ्यांपुढं आहे, ती उभी राहिलेली. एवढीशी पोर, कुठून आणते ही छाती?

मी हायस्कूल दहाव्या दिवशी सोडलं. मुतारी कुठं आहे, हे कुणाला विचारवलं नाही म्हणून.