ढिगाऱ्याखालची हाक

लंबू, गाढवा,

सोमवारी सैन्याच्या वैद्यकीय मंडळापुढे माझी शेवटची सुनावणी आहे. सैन्यातून सोडताना माझ्या कागदावर ‘नसलेले आवाज ऐकतो, मानसिकदृष्ट्या अपात्र’ असा शेरा मारलाय, तो खोडून घ्यायचाय. साक्षीदार आणा, म्हणाले. चौकी कोसळली तेव्हा ढिगाऱ्याखालून आपला स्वयंपाकी हाका मारत होता. ऐकणारे आपण दोघंच. साहेब म्हणाले, “खाली कोणी जिवंत नाही, चला.” मी नखांनी माती उकरत राहिलो, तू गप्प राहिलास.

पुढे याच कानांनी मला पोसलं. इंजिन नुसतं खोकलं तरी त्याचं दुखणं सांगतो, म्हणून गॅरेज उभं राहिलं. पण सुनेच्या हाती तो कागद लागला, आणि आता नातीला माझ्याजवळ एकटीला सोडत नाहीत. लंबू, पाया पडतो तुझ्या. “मीही ऐकलं” एवढंच येऊन सांग.

हेच बोलायला काल फोन केला होता. तू “हॅलो, हॅलो” करत होतास, मागे टीव्ही, रेडिओ, नळ सगळं सुरू. वहिनी म्हणाल्या, “अहो, बंद करू का जरा?” तू किंचाळलास, “नको! शांत झालं की तो हाका मारतो!”

मी फोन ठेवला. मंडळ तुला विचारेल, “अजून ऐकू येतं?” आणि तू खरं सांगशील. मग तुझ्याही कागदावर तोच शेरा.

हे पत्र टाकत नाही. दाराआड नातीची पावलं ऐकू येताहेत. आत येत नाहीत.

तुझा,
मिस्त्री