सावेंचा टेम्पो आणि माझी भिंत

१२ जानेवारी, सोमवार. सकाळी ६ वाजून १० मिनिटं.
स्वयंपाकघराची भिंत तडकली. ओट्यापासून छतापर्यंत. ऑफिसने रिटायरमेंटला दिलेल्या टी-सेटमधला एक कप गेला. गुन्हेगार ठरवायला मला मिनिटही लागलं नाही: शेजारच्या जतीन सावेचा टेम्पो. दिवाळीपासून रोज पहाटे चिकू भरायला तो माझ्या मागच्या भिंतीलगत रिव्हर्स घेतो आणि कपाटातले कप वाजतात. आज कप वाजले. म्हणून टेम्पो आला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेटनी लॉजिक शिकवलं ते वाया गेलेलं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
चारला जागृती आली. जतीनची बायको. चाळिशी ओलांडली, आता सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसते आहे. लॉजिकचा पेपर माझ्या भरवशावर. आज निगमन आणि विगमन. मी सोपं करून सांगितलं. नियमावरून एका गोष्टीकडे आलं की निगमन, म्हणजे डिडक्शन. तिथे सुटका नाही. अनेक गोष्टी बघून नियम बांधला की विगमन, म्हणजे इंडक्शन. ते बहुतेक वेळा खरं. उदाहरण म्हणून टेम्पो दिला.
ती म्हणाली, "काकी, हे उलटं नाही चालत ने? पाऊस पडला तर अंगण भिजतं. पण अंगण भिजलं म्हणून पाऊस पडला असं नाही. मी सडा घातला असेल."
वर म्हणे टेम्पो शनिवारपासून चारोटीला गॅरेजमध्ये आहे, गिअरबॉक्स गेला. नवऱ्याची बाजू घेणाऱ्या बायकांना पूर्ण मार्क देऊ नयेत.

१३ जानेवारी.
जतीनला भिंतीच्या भरपाईची नोटीस दिली. तो नोटीस हातात घेऊनच आला. "अहो काकी, धरणीकंप होता तो! तलासरीकडे शाळा मैदानात भरली काल." मी म्हटलं, पुरावा आण. भांडी घासता घासता शुक्री मध्येच बोलली, उधवा गावात तिच्या भावाच्या घरातली उतरंड कोसळली. कोणी विचारलं होतं? दोन-चार लोकांच्या सांगण्यावरून नियम होत नाही.

१५ जानेवारी. दुपारी.
पुन्हा हादरा. या वेळी टेम्पो रंगेहाथ पकडायचा म्हणून मी मागच्या खिडकीशी धावले. रस्ता रिकामा. जागृती मात्र पिठाच्या हातांनी, अनवाणी, माझ्या फाटकातून आत येत होती. "काकी, बाहेर या! तिथे कसल्या उभ्या राहता!" मी बरोबर त्या तड्याखाली उभी होते.
ड्रायव्हर फार चपळ असावा.

१६ जानेवारी.
सावेंनी वाडीत ताडपत्रीचा मांडव घातला. आजपासून रात्री सगळे तिथेच झोपणार. माणसं तीन: जतीन, जागृती, सासू गोदूबाई. खाटा चार.
जागृती चारला शिकवणीला आली, ती मलाही तिथे झोपायला बोलवू लागली. मी सांगितलं, हे घर माझ्या फंडाच्या पैशांतून बांधलंय. आजवर रोज रात्री उभं राहिलं, आजही राहील. हे विगमन आहे, लिहून घे.
ती म्हणाली, "माझे सासरेही रोज सकाळी उठायचे, काकी. उठायचे म्हणजे उठायचेच. एक दिवस नाही उठले."
यावर मी म्हटलं की या वयात बारावी करणाऱ्यांनी मला लॉजिक शिकवू नये.
तिने पुस्तक मिटलं. चहा तसाच राहिला.
बोलले ते खरंच होतं. तिचं वय मी काही वाढवून सांगितलं नाही.

१७ जानेवारी.
जागृती रोज चारला येते. म्हणून आज येणार. दोन कप आधण ठेवलं.
साडेचार. घड्याळ पुढे असेल.
पाच. गोदूबाई कुंपणाशी दिसल्या. सून कुठे विचारलं, तर म्हणाल्या, "घरातच आहे. तुमची शिकवणी संपली म्हणाली." संपली कशी? तिसरा धडा अर्धा आहे.

१८ जानेवारी.
नाही आली. विगमन हे मुळातच कमजोर शास्त्र आहे. पेपर पुढच्या महिन्यात. नापास झाली तर नाव माझं जाईल, एवढ्यासाठीच काळजी.
आज दोनदा हादरलं. मी पलंगावरच बसून राहिले. बाहेर या म्हणून कोणी ओरडलं नाही.

२० जानेवारी.
टेम्पो चारोटीहून परत आला. पहाटे जतीन रिव्हर्स घेत असताना मी कपाट उघडून उभी होते. एकही कप वाजला नाही. जतीनला खिडकीतून सांगितलं, पुन्हा घे. घेतला. आणखी एकदा. बिचाऱ्याने का म्हणून विचारलं नाही, घेतला. कप ढिम्म.
मग दिवाळीपासून हे कप वाजवत होतं कोण?
तडा आता चार बोटं रुंद आहे. हात घातला तर पलीकडचा वारा लागतो.

२१ जानेवारी. दुपारी ३.
नोटिशीचा मसुदा. शुक्रीबरोबर आत्ताच पाठवायची.

सौ. जागृती सावे यांस,
मी खिडकीतून पाहते. रोज संध्याकाळी तुम्ही चौथ्या खाटेवर चादर घालता, सकाळी घडी करता. तिच्यावर कोणी झोपत नाही. यावरून विगमनाने असं निघतं की ती खाट माझी. पण ज्याचा अपमान झाला तो अपमान करणाऱ्यासाठी अंथरूण घालत नाही. या नियमावरून निगमनाने असं निघतं की ती माझी नाही. दोन्ही खरं असणं शक्य नाही. चूक कुठे आहे ते मला सापडत नाही. तुम्हाला सापडेल.
तरी ती खाट कोणाची, याचं लेखी उत्तर आज संध्याकाळी सहाच्या आत, अंधार पडण्यापूर्वी, याच कागदाच्या मागे लिहून पाठवावं. पुस्तक सोबत आणावं. उशी मी आणायची की तिथे आहे, तेही स्पष्ट करावं.