साहेबांनी न उघडलेला नकाशा

तीर्थरूप आईस,
तुझ्या भांडखोर लेकीचा नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा काय म्हणतो?

आमची संस्था एकट्या म्हाताऱ्यांना घरपोच डबे देते, हे तुला ठाऊकच आहे. कोण कुठे राहतं, भेटायला शेवटचं कोण कधी आलं, हे वही घेऊन दारोदार विचारून मी वर्षभरात नकाशा केला. एक ठिपका म्हणजे एक घर. काल देणगीदारांपुढे साहेबांनी तो स्वतःच्या नावावर खपवला. "प्रत्येक दार मी स्वतः ठोठावलंय," म्हणे! आणि मला म्हणाले, "ताई, तुम्ही फक्त कॉम्प्युटर चालवा."

चालवला की! मुद्दाम एकच ठिपका उघडला. साहेब ऐटीत मोठ्याने वाचू लागले, "वय एक्क्याऐंशी. एकटीच राहते. मुलगा याच शहरात, दोन वर्षांत फिरकला नाही." पत्त्यावर आले आणि घाईघाईने म्हणाले, "ताई, पुढचा ठिपका!" घर त्यांच्या आईचं होतं.

मला तसूभरही वाईट वाटलं नाही. उलट दुपारी चार घास जास्तच गेले.

फक्त, तुझ्या दारी कुणी अशी वही घेऊन आलं, तर शेवटच्या भेटीचा रकाना कोराच ठेवायला सांग. मी रविवारी पोचतेय.

तुझी,
धाकटी