खडकाच्या पायथ्याशी लाल ठिपका

४ मार्च
ती. मामांस,
सा. न. वि. वि.
आमच्या संग्रहालयातलं खडकाळ किनाऱ्याचं ते इम्प्रेशनिस्ट चित्र साफ करायला माझ्याकडे आलंय. जवळून नुसते निळे-जांभळे फटकारे. चार पावलं मागे गेलं की लाटा अंगावर येतात. काळ्या खडकाच्या पायथ्याशी नखाएवढा लाल ठिपका आहे. चाळीस वर्षांपूर्वी या चित्राची डागडुजी तुम्ही केलीत, अशी नोंद सापडली. ठिपका तुमचा की चित्रकाराचा? तुमचा असेल तर पुसायचा. त्याचा असला आणि मी पुसला, तर जन्मात परत आणता येणार नाही. साहेबांना पंधरा तारखेला अहवाल हवाय. पाल्हाळ नको, हो की नाही एवढंच कळवा.
मामींना नमस्कार.
आपली भाची

८ मार्च
चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.
पाल्हाळ लावणारच, सोस आता. पत्र आल्यापासून डोकं धरून बसलोय. सकाळी वाटतं, लाल रंगात कुंचला बुडवणारा हात माझाच. दुपारी वाटतं, छे, आपण फक्त धूळ झटकली. मामी म्हणते, ज्याने घरातली एक खुर्ची रंगवायची सोडली नाही, तो चित्र कसला सोडतोय!
खरं सांगू? तुझी आई गेली, त्याच वर्षीचं ते काम. लाल स्वेटर घालून ती माझा डबा आणायची आणि माझा हात मोकळा होईपर्यंत दाराशी उभी राहायची. त्या ठिपक्यात मला तीच दिसते. तो राहावा असं फार वाटतं, म्हणूनच माझी साक्ष धरू नकोस. रंगालाच विचार. मोहरीएवढ्या जागेवर औषधाचा कापूस फिरव. निघेल तो रंग माझा, टिकेल तो चित्रकाराचा.
माया आहेच, पत्रांत खंड पाडू नकोस.
तुझा मामा

१५ मार्च
ती. मामांस,
सा. न. वि. वि.
कापूस फिरवला. लाल निघून आला. तशीच पुसत गेले. खाली दुसरा लाल लागला, फिकट, भेगाळलेला, चित्राइतकाच जुना. ठिपका त्याचाच, तुम्ही वरून गिरवला होतात. म्हणजे सकाळचे मामा खरे आणि दुपारचेही फार खोटे नाहीत.
अहवाल दिला, साहेब खूश आहेत. मलाच काही कळेनासं झालंय. त्या चित्रकाराने आईला कधी पाहिलं नाही, तरी तिथे आईच उभी आहे. मग मी पुसलं ते कोण?
असाच जीव लावत राहा.
आपली भाची

ता. क. वापरलेला कापूस टाकून द्यायचा नियम आहे. माझ्याने टाकवला नाही. वाळवून याच पाकिटात घातलाय. जपून उघडा.