पाच मुठी मीठ

दक्षा,

लेकीकडे, चिखल्याला चालले. भात टोपात झाकून ठेवलाय. दोडक्याच्या वेलाला ऊन उतरल्यावर पाणी घाल. त्याचं बी राखेत घोळवून डब्यात ठेवलंय. फोन करू नको, मी उचलणार नाही.

खाटेखाली तुझी बांधलेली पिशवी बघितली. माहेरी जायचं ठरवलंस ना?

लोणच्याला बुरशी आली तेव्हा सगळ्या पाड्यासमोर तुला बोलले, पाळीत बरणीला हात लावलास म्हणून. आज माळ्यावरची दुसरी बरणी उघडली. तिला तुझा हात लागलाच नव्हता. तिच्यावरही बुरशी.

माझ्या आईनं शिकवलेलं, टोपलीभर कैरीला पाच मुठी मीठ. मी पाचच घातल्या. आज मूठ भरून बघितली तर बोटं मिटेनात, निम्मं मीठ खाली सांडलं. माझा धनेश गेला तेव्हापासून हात असाच आहे. कोणाला सांगितलं नाही.

नळावर सुनिताला खरं सांगूनच निघतेय. तिच्या तोंडाला झाकण नाही, दिवस मावळायच्या आत पाड्याला कळेल.

घर सोडायचंच तर म्हातारीनं सोडावं. धनेशनं बांधलेलं घर, त्याच्या बायकोनं कशाला सोडायचं?

बरण्या धुऊन उन्हात घातल्यात. झाडावरच्या शेवटच्या कैऱ्या टोपलीत आहेत. फोडी नीट पुसून घे, तुला घाई फार. मीठ तुझ्या मुठीनं घाल.

मुरलं की वाटीभर घेऊन ये. नाही आलीस तरी समजेन.

तुझी सासू