जवळ्यावर ओतलेली चरबी

रेवदंडा, ६ जानेवारी

चि. सौ. जनीस,

थोरल्या जावेचा, नीराबाईचा, आशीर्वाद. आपलं बोलणं बंद हाय म्हणून लिवते. कुंपणावर करवंटीखाली ठेवते, वाचून घे.

होमस्टेच्या पावण्यांसाठी तू कोंबड्या भाजतेस. भाज. पण ट्रेमधी उरलेली चरबी कुंपणावरून माझ्या खळ्यात कशापायी वततेस? तिथं माझा जवळा सुकत व्हता. चरबीनं भिजला, मुंग्या लागल्या, उरलेला कुत्र्यांनी उधळला. कायम माझ्याकडनंच सुकी मासळी नेणारी मुरुडची व्यापारीण मूठभर हुंगून तोंड वाकडं करून गेली. सगळ्या बाजारात सांगते, नीराचा जवळा खवट.

ह्याचं उट्टं मी काढणार. बुधाजी भावोजींना मधी घालू नको. पोरांना गोड पापा. लोभ हाय तेवढा हाय.

नीराबाई


रेवदंडा, ७ जानेवारी

ती. नीराताईंना,

जनीचा शि. सा. नमस्कार. चरबी मोरीत ओतली की थिजून पाइप तुंबतो, मग ओतू कुठं? डोक्यावर? तुमच्या जवळ्याच्या वासानं आमचे पाहुणे नाकाला रुमाल लावतात, ते मी कधी लिहिलं का?

उट्टं काढायचं तर सावकाश काढा, थंडीत तुमचे गुडघे धरतात. लोभ असावा, नसला तरी चालेल.

जनी


रेवदंडा, १५ जानेवारी

चि. सौ. जनीस, आशीर्वाद.

गुडघे बरे हायत. तू जिथं वततेस तिथं मी घासलेला टोप ठेवते, तुला दिसला न्हाय. सकाळी वर चरबी थिजलेली, खाली रस. चरबी उचलून कढवली, फडक्यानं गाळली. तिच्यात लसूण टाकून उकडलेले बटाटे लाल परतले. तुझे पावणे कुंपणावरून वाकायला लागले. पहिलंच सांगितलं, कोंबडीची चरबी हाय, चालत असंल तर बसा. बसले. जवळ्याची चटणी बी मागून खाल्ली. नाकाला रुमाल कुणी लावला न्हाय. आता रोज सांजचे माझ्याच ओट्यावर, आन् तुझी कोरडी कोंबडी तुझ्याकडं.

वत गो, आणखी वत. लोभ वाढतोय.

नीराबाई


रेवदंडा, १९ जानेवारी

ती. नीराताईंना, शि. सा. नमस्कार.

चरबी आमची, वाहवा तुमची! म्हणून ओतणं बंद केलं आणि बटाटे मीच करायला गेले. ट्रेमधलं सगळं रसासकट कढत तव्यात ओतलं. असं तडतडलं की मनगट भाजलं, घरभर धूर. पाहुणे उठून तुमच्याकडे, साठवलेल्या चरबीतले बटाटे खायला. त्यांच्या मागोमाग आमचे हेसुद्धा! वहिनी काय करतात ते शीक म्हणाले.

हात जोडते, लिहिलेल्यावरून जमलं नाही, शेजारी उभं करून रीत शिकवा. माफी हवी तर याच चिठ्ठीत मागितली असं समजा. लोभ असू द्या.

जनी


रेवदंडा, २० जानेवारी

चि. सौ. जनीस, आशीर्वाद.

मनगटाला कोरफड लाव. कागदावरची माफी मला नको, ती काय चुलीत घालू?

बरी झालीस की शेणाची पाटी घेऊन माझ्या खळ्यात ये. चरबी पडली तिथपासून दारापर्यंत तुझ्या हातानं सारव. सांजचं ये, तुझे पावणे ओट्यावर असतील. मुरुडच्या बाईलाबी निरोप धाडलाय. सारवून झालं की उभी राहा आन् जवळा कुणी नासवला ते तिला मोठ्यानं सांग. हळू बोललीस तर मी परत सांगायला लावीन.

नवा जवळा त्याच खळ्यात पसरीन. मुरुडची बाई तो घेऊन गेली की मग रीत दावीन.

लोभ त्या दिवसापासून धरू.

नीराबाई