जिल्ह्यातला पहिला स्कीपटू

२ जानेवारी २००४
संकल्प. यंदा स्कीइंग. फायनल.
हिंगोली जिल्हा वेगळा होऊन चार वर्षं उलटली आणि जिल्ह्यात अजून एकही स्कीपटू नाही. ही गोष्ट एकाही पुढाऱ्याच्या लक्षात आली नाही. माझ्या आली. भूगोल शिकवणाऱ्या माणसाची नजरच वेगळी असते.
रूट ठरला: कुफरी, नारकंडा, सोलंग, शेवटी औली. वसमतच्या शाळेत वीस वर्षं खडूनं हिमालय काढला, आता पायाखाली घालायचा. सत्यशीलाला सांगितलं. ती म्हणाली, न्हाणीत शेवाळ धरलंय, आधी तिथं उभं राहून दाखवा. बायकोला व्हिजन नाही.

५ जानेवारी
आईच्या कानावर औली गेली नाही, पण औलीच्या रस्त्यात हरिद्वार लागतं हे बराबर गेलं. आता ती येणारच म्हणते.
कारण जुनं आहे. मी पाच वर्षांचा असताना तापानं गेल्यात जमा होतो. तेव्हा बाबांनी औंढ्याच्या नागनाथाला नवस बोलला, पोरगं उठलं तर हरिद्वारची गंगा आणून तुझ्यावर घालीन. पोरगं उठलं. बाबा मात्र गंगा न आणताच गेले. आई म्हणाली, तुझ्या बापानं मरताना दोनदा इचारलं, गंगा राहिली ना गं? ह्या शिवरात्रीला तेवढं उतरव बाबा.
म्हणालो, येता येता करून टाकू, त्यात काय. तसाही माझे फोटो काढायला कुणी तरी लागणारच होतं.
आईनं तांब्याचे दोन गडू चिंचेनं घासून उंबऱ्यापाशी मांडून ठेवलेत. जायला अजून पंधरवडा आहे.

९ जानेवारी
शेजारच्या जनकाबाईनं आमच्या हट्टा गावभर करून टाकलं की मास्तरची आई, अनुसयाबाई, गंगेला चालली. रोज माणसं येऊन आईच्या पाया पडून राहिलीत. मी प्रत्येकाला स्कीइंग समजावून सांगतो. ऐकून घेतात आणि विचारतात, मग मास्तर, तुमी कशाला चालले?
अडाणीपणाला माझ्याकडं इलाज नाही.

११ जानेवारी
आजपासून प्रॅक्टिस. बर्फ नाही म्हणून रडणारा मी नव्हे. वसमतच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गंज्या लागल्यात. पांढऱ्या, उतरत्या, उंच. निसर्गानं बर्फ दिला नाही, शेतकऱ्यानं दिला. जुन्या बाजेच्या दोन फळ्या पायांना सुतळीनं बांधल्या, वर चढलो, झोकून दिलं.
कापूस अपेक्षेपेक्षा मऊ निघाला. गळ्यापर्यंत आत गेलो. वॉचमन वसरामला वाटलं चोर आहे. ओळख पटल्यावर त्यानं पायांना धरून उपटलं, आणि म्हणाला, सर, काहून असं करून राहिले? घरी काही तकलीफ हाय का?
बॅलन्स मात्र फर्स्ट क्लास. उभाच बुडालो.

१२ जानेवारी
कानातून कापूस निघतोय. प्रॅक्टिस बंद. ओव्हर-ट्रेनिंग खेळाडूला घातक असतं.

२१ जानेवारी
शाळेत मेडिकल रजा टाकली. कारण: कंबरदुखी. २६ जानेवारीचं झेंडावंदन चुकणार, पण हिमालयात देशासाठीच चाललोय.
निघताना वेशीपर्यंत भजनी मंडळ आलं. हार आईला. एक उरला तो जनकाबाईनं सत्यशीलाच्या गळ्यात घातला. मी फोटो काढला.
नांदेडहून रेल्वे. वरच्या बर्थवर झोपून मनातल्या मनात वळणं घेतली. सगळी जमली.

२५ जानेवारी, शिमला
दिल्लीपासून सुमो केली आहे. ड्रायव्हर रतनसिंग, कमी बोलणारा. म्हणजे मला पुरेसा वाव.
शिमल्याच्या रिजवर आईला उभी करून धडाच घेतला. म्हणालो, आई, ही डोंगराची पाठ बघ. या अंगाला पडलेलं पाणी यमुनेला जातं, मग गंगेला. त्या अंगाचं सतलजला, आणि तिथून थेट पाकिस्तानात. अशी गोष्ट जागेवर शिकवायला नशीब लागतं. आई पदर कानाभोवती आवळून दोन्ही अंगांना बघत राहिली. म्हणाली, व्हय का? ऐकलं की नाही कोण जाणे. माझ्या नववी ब सारखंच तोंड होतं.

२६ जानेवारी, कुफरी
बर्फ यंदा उशिरा, असं लोक म्हणाले. जो होता त्यात निम्मी घोड्यांची लीद. तरी बूट आणि स्की भाड्यानं घेतले. बूट म्हणजे पायात सिमेंटची पाटी. उभा राहिलो. एकदम प्रोफेशनल दिसलो, असं माझं मत. मग सरकलो. चिखलात. त्याला स्कीइंग म्हणता येत नाही, म्हणून तो प्रयत्न धरलेला नाही.
आई एका याकपाशी जाऊन त्याच्या मालकाला विचारत होती, दूध किती देतं आणि पाला कोणता खातं. घरी शेळ्या असलेल्या बाईला हिमालयात आणून हेच होणार.
संध्याकाळी आईनं विचारलं, हरिद्वार कधी? म्हणालो, येतंय.

२८ जानेवारी, नारकंडा
खरा बर्फ! इथला शिकवणारा म्हणाला, आधी पडायचं कसं ते शिका. मी त्याला स्पष्ट सांगितलं, निगेटिव्ह थिंकिंग नको, डायरेक्ट चालायचं शिकव.
निकाल: सफरचंदाच्या बागेत. झाडाला मिठी. झाड उत्तम आहे.
सत्यशीलानं फोटो काढला नाही. म्हणाली, हसता हसता हात हलत होता. मी म्हणालो, उद्या परत. एक दिवस मुक्काम वाढवला. आई म्हणाली, आरं, हरिद्वारचा दिवस तर त्यात जाऊन राहिला न्हाई ना? छे, म्हणालो. प्लॅनिंग माझ्याकडं सोड.

२९ जानेवारी, नारकंडा
तीच बाग. दुसरं झाड.

३१ जानेवारी, सोलंग
आता खरी जागा मिळाली. कुफरी, नारकंडा ही सगळी बालवाडी होती. इथला ट्रेनर खेमा. त्यानं मला लेकरांच्या उतारावर उभं केलं. आजूबाजूला पाच-सहा वर्षांची पोरं सरसर निघून चालली. त्यांचं सोपं असतं, वजन कमी. मी फिजिक्स समजावून सांगितलं. खेमा म्हणाला, सर जी, घुटना मोडो. पुढं तेच खरं ठरेल असं त्यालाही वाटलं नसेल.

१ फेब्रुवारी, सोलंग
आज औलीकडं निघायचं होतं. पण टेक्निक आता कुठं हाताशी येतंय, अशा वेळी सोडणं म्हणजे गुन्हा. अजून एक दिवस. औली पुढच्या वर्षी. हरिद्वार मात्र होईल, परतीच्या आदल्या दिवशी सुसाट जाऊ.
आई खोलीत बसून रिकामे गडू पदरानं पुसत होती. सत्यशीला बोलली. ते इथं लिहीत नाही.

२ फेब्रुवारी, मनाली, दवाखाना
वरच्या उतारावरून आलो. खेमा नको म्हणत होता. सुरुवात अप्रतिम. वारा कानात, हिमालय बाजूनं पळतोय, आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या तरी पुढं होतो. मग समोर मॅगीची टपरी आली. टपरी तिथं नको होती, हे कुणीही मान्य करील.
उजवा पाय दोन जागी. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. टपरीवाल्याचं मत वेगळं पडलं.
तरी टेक्निकली मी उतार पूर्ण केला. खाली पोचलो, हेच पूर्ण करणं.
आई उशाला बसून होती. कपाळावर हात ठेवला होता, लहानपणी तापात ठेवायची तसाच. मी म्हणालो, आई, हरिद्वार. ती म्हणाली, पायाचं बघ आधी. एवढंच. मला उगाच रडू आलं. औषधाचा परिणाम असावा.

३ फेब्रुवारी, मनाली
प्लास्टर मांडीपर्यंत. रेल्वेचं रिझर्व्हेशन परवाचं, हरिद्वार आता नकाशात सुद्धा बसत नाही.
पण मी हार मानणारा नाही. आई देवळात गेली होती, तेवढ्यात रतनसिंगला बोलावलं, दोन्ही गडू दिले. सोलंगचा स्वच्छ बर्फ भरून आणायचा, वितळला की बाजारात तोंडं कथलाचा डाग देऊन बंद. आईला सांगायचं, हरिद्वारहून आलेल्या यात्रेकरूंकडून मिळाली.
यात खोटं काही नाही. हिमालय एकच. पाण्याची वाफ होते, ढग होतात, पुन्हा पडतं. शास्त्राप्रमाणं सगळंच पाणी कधी ना कधी गंगा असतं.
रतनसिंगनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि गडू घेऊन गेला. आईला सांगितलं तेव्हा तिनं गडू हातात घेतले, हलवून पाहिले आणि म्हणाली, बरं. संपलं! मी उगाच टेन्शन घेत होतो.
सत्यशीलाला शास्त्र पटलेलं नाही. ती मला न्हाऊ घालणार नाही म्हणते.

७ फेब्रुवारी, हट्टा
रिक्षा वेशीशी आली आणि काय सांगू! बॅण्ड. भजनी मंडळ. रांगोळी. बायका डोक्यावर कलश घेऊन उभ्या. माझी बातमी इतक्या लांब पोचली कशी, देव जाणे. प्लास्टर बाहेर काढून हात हलवला, चार शब्द मनात जुळवले.
जनकाबाई पुढं झाली, म्हणाली, मास्तर, जरा पाय बाजूला घ्या, गंगा खाली घ्यायची हाय.
गडू आईच्या डोक्यावर. आईचे पाय धुतले, पाणी डोळ्याला लावलं. वाजतगाजत गल्लीत. मी रिक्षातच. पोरं रिक्षाच्या मागून प्लास्टरवर टकटक करून पळत होती.
आईचा चेहरा एवढा उतरलेला का होता, ते कळलं नाही. प्रवासाचा शीण.

१० फेब्रुवारी
शाळेतून निरोप आला, कंबर कशी आहे. म्हणालो, कंबर बरी आहे.

१८ फेब्रुवारी, महाशिवरात्र, औंढा
सगळी गल्ली टेम्पोनं आली. दर्शनाची रांग बसस्टँडपर्यंत. मला देवळाबाहेर एका लिंबाखाली खुर्चीवर बसवलं. आई माझ्यापाशी आली, दोन्ही गडू माझ्या मांडीवर ठेवले आणि नुसतं बेल घेऊन आत गेली.
मला वाटलं विसरली. सत्यशीलाला पाठवू लागलो. ती म्हणाली, त्या काही विसरल्या नाहीत.
बऱ्याच वेळानं आई बाहेर आली. जनकाबाई आणि बाकीच्या अजून आत होत्या. आईनं एका गडूचा डाग दगडानं फोडला आणि पाणी लिंबाच्या मुळाशी ओतलं. पाण्याबरोबर मातीचा गाळ आणि मॅगीचा एक वळलेला तुकडा बाहेर आला. मग दुसरा गडू.
मी म्हणालो, आई, अगं गंगा!
आई म्हणाली, शिमल्याला तूच तर सांगितलं, त्या अंगाचं पाणी पाकिस्तानात जातं. मी रतनसिंगला इचारलं, गडू कुठं भरले आणि तिथलं पाणी कोण्या अंगाला जातं. त्यानं सांगितलं.
वीस वर्षं शिकवतोय. माझा धडा लक्षात ठेवणारी ही पहिली विद्यार्थिनी.
मी म्हणालो, मग वेशीवर बोलली काहून नाहीस? ती म्हणाली, गावापुढं माझ्या लेकराचं तोंड कशाला काळं करू? नागनाथापुढं मातर खोटं न्हाई बोलता येत. तुझा बाप तिथं वाट बघून राहिलाय. आणि डोळ्याला पदर लावला.
मी तिला पाण्याच्या चक्राचं शास्त्र सांगायला सुरुवात केली होती. ते तिथंच सोडलं आणि रिकामे गडू पुसून मांडीवर ठेवले.

२० फेब्रुवारी
नवा संकल्प. उन्हाळ्याच्या सुट्टीत आईला मी स्वतः हरिद्वारला नेणार. संपूर्ण रूट तयार. वाटेत ऋषिकेशला राफ्टिंग नावाचा एक प्रकार आहे असं वाचलं. जिल्ह्यात अजून कुणीही केलेला नाही.

१५ मार्च
प्लास्टर निघालं. पाय बारीक झालाय, पण लवचीक वाटतो.
वसमतहून यात्रेची बस निघणार आहे, काशी-प्रयाग-हरिद्वार. जनकाबाईनं नावं दिली म्हणे. मी आईला म्हणालो, असल्या बसनं कशाला, मी आहे ना. आई शेळीला पाला घालत राहिली.

२२ मार्च
सकाळी बस गल्लीच्या तोंडाशी आली. आई, सत्यशीला, जनकाबाई. दोन्ही गडू, परत घासलेले. मी रात्रीच बॅग भरून ठेवली होती, नकाशा वर. चढायला गेलो तर आई म्हणाली, तू नको. तू असला की हरिद्वार मागंच राहतं. शेळ्या कोण बघंल?
मी खाली उभा राहिलो. आई पायरीवरून परत उतरली, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, नवस तुझ्यासाठीच हाय रे, म्हणून तर चालले. सत्यशीलानं मान दुसरीकडं केली.
बस सुरू झाली. आईनं खिडकीतून हाक मारली. मला वाटलं विचार बदलला. बॅग उचलली. सगळी गल्ली दारात उभी होती.
ती ओरडली, शेळ्यांना उन्हात बांधू नको! आणि कुणी इचारलं तर सांग, आई गंगा आणायला गेली! खरी!
बॅण्डवाले, भजनी मंडळ, कलशवाल्या बायका, सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. वेशीवर ज्यांनी पाणी डोळ्याला लावलं होतं, त्यांनी जास्त.
शेळ्या सावलीत बांधल्या.